चुकून गेले तर सांगायचे कुणाला?

तंजावरपासून चाळीसेक किलोमीटरवर कुंभकोणम आहे. पितळी समया, विड्याची पाने आणि डिग्री कॉफी यांचे गाव. गेल्या महिन्यात तिथे एका मराठी कुटुंबाकडे उतरण्याचा योग आला. मराठी म्हणजे तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या वंशाचे राज्य १८५५ साली संपले, पण बोली अनेक घरांत टिकून आहे. घरातले आजोबा निवृत्त शिक्षक, नातू सिंगापूरला नोकरीत. सुट्टीवर आला असता त्याने आजोबांच्या मोबाइलमध्ये एक मल्टीचेन वॉलेट बसवून दिले आणि त्यात थोडे ‘टीथर’ टाकले. टीथर म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेले आभासी चलन. कॉफीचा पेला पुढे करत आजोबांनी मला एकच प्रश्न विचारला. चुकून भलतीकडे गेले, तर सांगायचे कुणाला?

कुंभकोणमच्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या सिटी युनियन बँकेचे मुख्यालय याच गावात आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये भामट्यांनी या बँकेच्या यंत्रणेत शिरून तीन रकमा परदेशी पाठवल्या. सगळ्या मिळून सुमारे वीस लाख डॉलर. हिशेब जुळवताना बँकेच्या हे लक्षात आले. दुबईकडे निघालेले पाच लाख डॉलर न्यूयॉर्कमधल्या बँकेत अडवता आले. तुर्कस्तानला गेलेले तीन लाख युरो तिथल्या बँकेने रोखले. चीनकडे गेलेल्या दहा लाख डॉलरसाठी मात्र धावाधाव करावी लागली. तीनपैकी दोन रकमा वाचल्या, कारण वाटेत दुसऱ्या बँका होत्या आणि त्यांना फोन करता आला.

वॉलेटमध्ये ही वाटेतली माणसेच नाहीत. पाठवण्याचे बटन दाबले, व्यवहाराची नोंद झाली, की तो उलटवणारा कुणी नाही. आजोबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कुणालाच नाही’ असे होते. म्हणूनच घरखर्चाचे पैसे परदेशातून बँकेमार्फतच यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण वॉलेट घरात आलेच असेल, तर ते समजून घेतलेले बरे.

नावावरून वाटते तसे वॉलेटमध्ये पैसे नसतात. पैसे म्हणजे इंटरनेटवरच्या सामाईक खातेवहीतली नोंद. वॉलेटमध्ये असते ती त्या नोंदीची किल्ली. अशा खातेवह्या अनेक आहेत: बिटकॉइनची वेगळी, इथेरियमची वेगळी, ट्रॉनची वेगळी. मल्टीचेन वॉलेट या सगळ्या एकाच पडद्यावर दाखवते. सोय मोठी, पण सगळ्या किल्ल्या एकाच मुळातून निघतात. ते मूळ म्हणजे सुरुवातीला दाखवले जाणारे बारा किंवा चोवीस साधे इंग्रजी शब्द. ते २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. फोन हरवला तरी या शब्दांवरून दुसऱ्या फोनवर सगळे परत मिळते. आणि तेच शब्द दुसऱ्याच्या हाती पडले, की त्यालाही सगळे मिळते. एका साखळीतले नव्हे, सगळ्यांतले.

आजोबांना मी विचारले, शब्द कुठे लिहून ठेवलेत? त्यांनी हौसेने व्हॉट्सअ‍ॅप उघडले. नातवाने त्या शब्दांचा फोटो काढून पाठवला होता! म्हणजे शब्द दोन फोनांत आणि बहुधा दोघांच्या इंटरनेटवरच्या फोटोसाठ्यातही. मुलगा इंजिनिअर आहे, तरीही. फोनमधल्या फोटोंतून नेमके हे शब्द वाचून पळवणारी अ‍ॅप २०२५ मध्ये नामांकित अ‍ॅप-दुकानांतच सापडली होती. तेव्हा शब्दांचा फोटो एकदा निघाला, की तो पुसून भागत नाही. ते शब्द बाद समजावेत. नवे वॉलेट काढावे, नवे शब्द हाताने कागदावर लिहावेत आणि पैसे तिकडे हलवावेत.

आम्ही त्याच दुपारी हे करायला बसलो आणि पहिल्याच पायरीला अडलो. टीथर ट्रॉनच्या साखळीवर होते आणि ते हलवण्याची फी ट्रॉनच्या स्वतःच्या नाण्यात लागते. ते नाणे वॉलेटमध्ये नव्हते. इथेरियमवर फी इथरमध्ये, ट्रॉनवर ट्रॉनमध्ये, अशी प्रत्येक साखळीची आपली रीत. नातवाला सिंगापूरला फोन करून थोडी नाणी मागवली. आधी अगदी थोडी रक्कम पाठवून पाहिली, ती नव्या वॉलेटमध्ये दिसल्यावर बाकीची. दोनदा फी पडली, पडू द्या.

एवढे नीट केले, कारण माझेच हात पोळलेले आहेत. दोन वर्षांपूर्वी तीन हजार रुपयांचे टीथर मी एका एक्स्चेंजवरच्या माझ्या खात्यात पाठवले. पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर होता, पण निवडलेली साखळी त्या एक्स्चेंजला चालणारी नव्हती. इथेरियम, पॉलिगॉन आणि बीएनबी यांचे पत्ते एकसारखे दिसतात, त्यामुळे शंकाही आली नाही. हीच चूक स्वतःच्या वॉलेटकडे पाठवताना झाली असती, तर तीच किल्ली दुसऱ्या साखळीवरही चालून पैसे मिळाले असते. एक्स्चेंजकडच्या पत्त्याची किल्ली मात्र एक्स्चेंजकडे. पत्रव्यवहार बराच केला, पैसे अजून आलेले नाहीत. तेव्हा पत्त्याबरोबर ‘कोणत्या साखळीवर?’ हेही समोरच्याला विचारून घ्यावे.

पत्ता तपासताना पहिली-शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानू नये. भामटे तशीच अक्षरे असलेला पत्ता तयार करतात आणि तुमच्या व्यवहारांच्या यादीत तो दिसावा म्हणून नाममात्र रक्कम पाठवून ठेवतात. मे २०२४ मध्ये एका धनिकाने यादीतून असा पत्ता उचलला आणि सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर भलत्याच्या हाती दिले. पुढे चोराने बहुतेक रक्कम परत केली, हे त्याचे नशीब.

दुसरा धोका परवानगीचा. एखाद्या संकेतस्थळाला वॉलेट जोडले, की ते ‘अप्रूव्ह’ करायला सांगते. पुष्कळदा ही परवानगी अमर्याद रकमेची असते, म्हणजे कोऱ्या कागदावर सही. नंतर वॉलेट त्या संकेतस्थळापासून तोडले तरी परवानगी उरतेच. ती वेगळी रद्द करावी लागते. आणि मदत केंद्रातून बोलतोय सांगून बारा शब्द विचारणारा माणूस चोरच. खऱ्या कंपनीला ते शब्द कधीच लागत नाहीत.

मग एक्स्चेंजवरच ठेवावेत का, असे आजींनी मध्येच विचारले. तिथेही निर्धास्त राहता येत नाही. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची चलने गेली. तिथे तर एका व्यवहाराला अनेकांच्या सह्या लागत होत्या. पडद्यावर दिसले एक आणि सही झाली भलत्यावरच, असे कंपनीचे म्हणणे. याच एक्स्चेंजच्या एका ग्राहक महिलेच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, आभासी चलन ही मालमत्ता आहे, असे म्हटले. हा निकाल महत्त्वाचा, पण कोर्टात दाद मागायला समोर कुणीतरी लागते. फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. रक्कम एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचली असेल तर ती गोठवली जाण्याची शक्यता असते.

जाता जाता कराचे. २०२२ पासून अशा चलनाच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही.

वॉलेटला नॉमिनी नसतो, हे मी सांगितले तेव्हा आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी नवे बारा शब्द आणखी एका कागदावर उतरवले आणि तो कागद आजींच्या हाती दिला. आजींनी तो कुठे ठेवला, ते मी विचारले नाही.