उपनगरांचा वाली कोण?

हुबळी आणि धारवाड या दोन नगरांच्या मध्ये, जुन्या पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेला रायापूर हे उपनगर वसले आहे. उद्योगवसाहतीमुळे व इस्कॉनच्या मंदिरामुळे त्याचे नाव बाहेरगावीही ठाऊक आहे. परंतु तेथील रहिवाशाची स्थिती 'दोन घरचा पाहुणा उपाशी' या म्हणीसारखी आहे. गाऱ्हाणे घेऊन तो हुबळीस गेला तर त्यास धारवाड दाखवावे, आणि धारवाडास गेला तर बंगळुराकडे बोट करावे. रायापूरच्या या रहिवाशाची कैफियत आज आम्ही आमच्या वाचकांपुढे मांडीत आहो. ती वाचताना बेळगावच्या अनगोळ-वडगावच्या नागरिकास आपलीच कहाणी वाचल्यासारखे वाटले, तर त्यात नवल नाही.

कागदावर पाहिले तर हा रहिवासी मोठा भाग्यवान! हुबळीशी निगडित तीन पुढाऱ्यांनी राज्याचे मुख्यमंत्रिपद भूषविले : एस. आर. बोम्मई (१९८८-८९), जगदीश शेट्टर (२०१२-१३) आणि बसवराज बोम्मई (२०२१-२३). २००४ पासून सतत लोकसभेवर निवडून येणारे प्रल्हाद जोशी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. १२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते धारवाडच्या आयआयटीच्या नव्या वास्तूचे आणि हुबळी स्थानकावरील १५०७ मीटर लांबीच्या, जगातील सर्वांत लांब म्हणून गाजलेल्या फलाटाचे लोकार्पण झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत विधानसभेचे मतदान झाले, हा योगायोग वाचकांनी ध्यानात ठेवावा. २०१८ साली 'चिगरी' बसगाड्या स्वतंत्र मार्गिकेतून धावू लागल्या. हे सर्व झाले, चांगले झाले. त्याबद्दल कुरकुर करण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

पण फलाटाची लांबी मोजणाऱ्यांनी नळाकडेही एकवार पाहावे. २००८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा येथील काही निवडक प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. ती यशस्वी ठरली. चौकशीसाठी मंडळे आली, गौरवपर अहवाल लिहिले गेले. मग ते पाणी उरलेल्या वस्त्यांत का पोहोचले नाही? एका गल्लीत अहोरात्र धार आणि पलीकडच्या गल्लीत चार-चार, आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यासाठी घागरींची रांग, हा प्रकार पुढेही वर्षानुवर्षे चालत राहिला. हा भेद काही निसर्गाने केलेला नाही. मलप्रभेचे तेच पाणी, तेच नगर, तीच घरपट्टी! ज्या प्रश्नाचे उत्तर २००८ सालीच सापडले, तो प्रश्न दशक उलटले तरी शिल्लक राहतो, तेव्हा दोष तंत्राचा नसतो. विचारणारा कोणी उरलेला नसतो.

आणि विचारणार तरी कोण? ज्याने विचारायचे तो नगरसेवकच जागेवर नव्हता! हुबळी-धारवाड महानगरपालिकेची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. निवडणूक झाली ३ सप्टेंबर २०२१ रोजी. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे संविधानाची ७४ वी दुरुस्ती १९९३ पासून बजावीत आहे. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ९ लाख ४३ हजार वस्तीचे हे नगर अडीच वर्षे प्रशासकाच्या मर्जीवर राहिले. मतदान झाल्यावर महापौर निवडण्यास मे २०२२ उजाडला. बेळगावकरांच्या वाट्यास तर याहून दारुण थट्टा आली. त्याच दिवशी मतदान, आणि महापौर फेब्रुवारी २०२३ मध्ये! लग्न लागून दीड वर्ष झाले तरी नवरी मांडवातच, असा हा सोहळा. मुंबईसारख्या महानगरीची पालिकादेखील मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभेविना चालली. म्हणजे हा रोग एका पक्षाचा नाही, एका राज्याचाही नाही. गल्लीतील मतदार आपल्यास जाब विचारील, ही धास्ती सर्वच सत्ताधाऱ्यांना सारखीच आहे.

निवडणूक होते तेव्हा तरी काय होते? २०२१ साली बेळगावची पालिका प्रथमच पक्षचिन्हांवर लढविली गेली. हुबळी-धारवाडात ही रीत जुनीच आहे. गटाराच्या प्रश्नावर उभा राहणारा उमेदवार देशाच्या सीमांविषयी बोलू लागतो, आणि पाण्याविषयी विचारणाऱ्यास राष्ट्रभक्तीचा पाठ ऐकवितो. हुबळीच्या ईदगाह मैदानाचे नाव अवघ्या देशाला ठाऊक आहे. तेथे ध्वज लावण्यावरून १५ ऑगस्ट १९९४ रोजी गोळीबार होऊन माणसे मेली. त्या प्रकरणातील वॉरंटामुळे २००४ मध्ये मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्री उमा भारती यांना पद सोडावे लागले. २०२२ मध्ये तेथील गणेशोत्सवाचा वाद न्यायालयात मध्यरात्रीपर्यंत गाजला. एका मैदानासाठी मध्यरात्री जागणारे राजकारण पाण्याच्या एका खेपेसाठी कधी जागले आहे काय? पुढाऱ्यांचे तर विचारूच नका. हुबळीत सहा वेळा निवडून आलेले शेट्टर २०२३ मध्ये एका पक्षातून दुसऱ्यात गेले, हरले, जानेवारी २०२४ मध्ये परतले आणि जूनमध्ये बेळगावचे खासदार झाले. नेता पक्ष बदलू शकतो, मतदारसंघही बदलू शकतो. रायापूरच्या रहिवाशास मात्र आपला नळ बदलता येत नाही.

याहून सूक्ष्म असा दुसरा घाला आहे. बससेवेची एक कंपनी. 'स्मार्ट सिटी'ची दुसरी कंपनी. वसाहतींचे नकाशे मंजूर करणारे नगरविकास प्राधिकरण सरकारने नेमलेले. पाण्याचे काम कंत्राटदाराकडे. पैसा या वाटांनी येतो आणि या वाटांनीच खर्ची पडतो. नगरसेवकाच्या हाती उरते ते निवेदन स्वीकारणे. शिवाय महापौराची मुदत एकाच वर्षाची. खुर्ची ओळखीची होते न होते तोच निरोपाचा हार गळ्यात पडतो. मत द्यावे एकास, खर्च करावा दुसऱ्याने आणि उत्तर द्यावे कोणीच नाही, यास स्थानिक स्वराज्य म्हणावयाचे असेल तर 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण याच प्रसंगासाठी जन्मली असे म्हणावे लागेल.

कोणी म्हणेल, मग सामान्य नागरिकाने देशाच्या राजकारणाची चिंता करूच नये काय? अवश्य करावी! कळसा-भांडुराचेच उदाहरण घ्या. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो राजपत्रात आला. मलप्रभेत वळविण्यासाठी ३.९ टीएमसी पाणी कर्नाटकास मिळाले. ते ओढे आमच्या खानापूर तालुक्यातले, हरकत गोव्याची, परवानगी दिल्लीची आणि तहान हुबळी-धारवाडची! घरातील घागरीचा धागा थेट दिल्लीपर्यंत पोहोचतो तो असा. परंतु डिसेंबर २०२२ मध्ये आराखड्याच्या मंजुरीचे पेढे निवडणुकीच्या तोंडावर वाटले जातात आणि मतदान उरकल्यावर वनखात्याच्या परवानगीचे नावही निघत नाही, तेव्हा हे राष्ट्रीय राजकारण नव्हे, राष्ट्रीय नाटक होय. खानापूरच्या रानाचे काय होईल आणि हुबळीच्या फुटक्या नळांतून किती पाणी वाया जाते, हे दोन्ही प्रश्न त्या नाटकात कोठेच नसतात.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडसाठी वेगळ्या महानगरपालिकेस संमती दिली. १९६२ साली जोडलेली दोन नगरे पुन्हा वेगळी करण्यास आमचा विरोध नाही. धारवाडकरांची ती जुनी मागणी आहे. पण पाटी बदलल्याने पाणी येत नाही. सीमेवर बसलेल्या उपनगरांचा हिशेब आधी झाला नाही, तर एक पाहुणा दोन घरी उपाशी होता, तो उद्या दोन घरांच्या भिंतीवर टांगला जाईल.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. तीन लाखांवरील वस्तीच्या नगरात प्रभाग समित्या असाव्यात, असे संविधानाचे २४३-एस हे कलम सांगते. त्या समित्या खऱ्या अर्थाने चालवा. प्रत्येक कंपनीचा जमाखर्च पालिकेच्या सभेपुढे ठेवण्यास भाग पाडा. महापौरास किमान अडीच वर्षे द्या. आणि मतदारहो, उमेदवार दारी येईल तेव्हा त्याचे चिन्ह विचारण्यापूर्वी आपल्या गल्लीत पाणी कितव्या दिवशी येते, ते त्यालाच विचारा. ज्याला हे सांगता येत नाही, त्याने देशाचे भवितव्य सांगण्याची तसदी घेऊ नये. रायापुरात हा प्रश्न ज्या दिवशी प्रत्येक उंबऱ्यावर विचारला जाईल, त्या दिवशी उपनगरांना वाली शोधण्याची गरज उरणार नाही. तो वाली मतदाराच्याच घरी असेल!