पडदा काळा, नाटक चालू

दिवाळीची साफसफाई म्हणजे आपल्या घरांतला वार्षिक भूकंप. कपाटे भिंतीपासून सुटतात, पलंगांच्या दिशा बदलतात, माळ्यावरची पिंपे खाली येतात आणि खालची माळ्यावर जातात. या भूकंपात एक जिन्नस हमखास जायबंदी होतो. तो म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावरचा कॉम्प्युटर. त्याच्या पाठीमागच्या वायरींच्या जंजाळात केरसुणी शिरते, कोणीतरी पेटी जरा ‘सरकवून’ घेते, आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी बटण दाबते. दिवा लागतो, पंखा घुमू लागतो. पडदा मात्र अमावस्येला एक दिवस अवकाश असतानाच काळाकुट्ट! मग घरातून एकच वाक्य निघते : “कॉम्प्युटर गेला!”

मी मराठीचा मास्तर. यंत्रांच्या बाजूने नव्हे, तर भाषेच्या बाजूने माझी या वाक्याबद्दल तक्रार आहे. ‘गेला’ हे क्रियापद आपण फार सढळ हाताने वापरतो. वीज गेली, फोन गेला, नोकरी गेली, आणि माणूसही गेला. पैकी वीज गेली तर तासाभराने परत येते; माणूस गेला तर येत नाही. कॉम्प्युटर या दोहोंपैकी कोणत्या अर्थाने गेला, हे ठरवल्यावाचून जो रिक्षात घालून तो दुकानात नेतो, त्याला त्या एका क्रियापदाची किंमत हजारांत मोजावी लागते. कधी कधी तर पैशांनी न मोजता येणारे काही त्याच्या हातून जाते. तेव्हा या फराळाच्या दिवसांत थोडा हा कोरडा फराळही वाचकांनी गोड मानून घ्यावा.

पहिली गोष्ट ही, की दाखवणारा आणि करणारा हे दोघे वेगळे असतात. रंगभूमीवर पडद्याची दोरी अडकली म्हणजे आत नाटक बंद पडले असे कोणी म्हणत नाही. आम्हां नागपूरकरांना याचा एक मोठा धडा ३० मे २०२४ रोजी मिळाला. त्या दिवशी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सियस तापमान नोंदवले आणि देशभर हाहाकार उडाला. आमच्या गावाचा उन्हाळा काही थट्टेचा विषय नव्हे; २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान होते. तरीही ५६ म्हणजे अतीच झाले! पुढे हवामान खात्याने सांगितले, की बिघाड उन्हात नव्हता, मोजणाऱ्या यंत्रात होता. आकडा दाखवणारा चुकला होता. सूर्य बिचारा आपल्या जागी नेहमीइतकाच तापत होता. काळ्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाने हे उदाहरण मनाशी ठेवावे आणि पहिला प्रश्न विचारावा : बिघाड सूर्याचा की मोजपट्टीचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला एक पैसाही लागत नाही. मॉनिटरवरचा दिवा पाहावा. पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे क्षणभर जरी उमटली, तरी मॉनिटर जिवंत आहे. तो फक्त “मला निरोप पोचला नाही” एवढेच म्हणत आहे. अक्षरे नसतील तर मॉनिटरचेच बटण दाबून त्याची स्वतःची यादी येते का ते पाहावे. तीही नसेल तर खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत पडद्यावर तिरका टाकावा. पुसट चित्र दिसले तर समजावे, की चित्र येत आहे, त्यामागचा उजेड तेवढा विझला आहे. हा झाला मॉनिटरचा आजार. पेटीचा त्यात काडीचा दोष नाही.

आता निरोप नेणाऱ्याकडे, म्हणजे वायरीकडे वळावे. जुन्या मॉनिटरच्या व्हीजीए वायरीला १५ पिना असतात आणि दोन बाजूंना दोन स्क्रू. हे स्क्रू पिळण्याचा कंटाळा आपल्या राष्ट्रीय सद्गुणांपैकी एक आहे. झाडूचा एक फटका बसला की ती तिरकी होते. एचडीएमआयच्या वायरीला तर स्क्रूही नसतात. ती अर्धवट बाहेर आली तरी आत असल्याचे सोंग करते. दोन्ही टोके काढून, पिना वाकल्या नाहीत हे पाहून, पुन्हा घट्ट बसवावी. आणखी एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पेटीत वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर तिच्या पाठीवर मॉनिटरची वायर लावायला दोन ठिकाणी जागा असतात, एक मदरबोर्डाची आणि एक त्या कार्डाची. साफसफाईनंतर घाईघाईत वायर पहिल्या जागी लागते आणि कार्ड तिकडे वाट पाहत बसते. टपाल शेजारच्या घरी पडले तर आपण पोस्टमन गेला असे म्हणतो काय?

इतके करूनही पडदा उजळला नाही, तर पेटीची चौकशी करावी. या पेटीला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो. खरा सीपीयू तळहातावर मावेल एवढा, आत पंख्याखाली दडून बसलेला असतो; म्हणजे वाड्यालाच वाड्याच्या मालकाचे नाव पडावे तसे हे झाले. मालक जागा आहे का, हे बाहेरून ओळखण्याची सोपी युक्ती आहे. कीबोर्डावरची कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर मालक जागा आहे आणि ऐकतोही आहे. मग विंडोज १० किंवा त्यापुढच्या यंत्रावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहाव्यात. चित्राची व्यवस्था त्यामुळे नव्याने सुरू होते आणि कित्येकदा पडदा तेवढ्याने उघडतो.

दिवाही हलला नाही, तर मात्र बिघाड खोल आहे. पण तिथेही यंत्र मुके नसते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर जगापुढे आणला, तेव्हापासून एक चांगली चाल पडली आहे. चालू होताच यंत्र आधी स्वतःची तपासणी करते. सर्व ठीक असेल तर पुष्कळशा यंत्रांतून एक छोटी शिट्टी येते. काही बिघडले असेल तर पडद्यावर लिहून सांगण्याची सोय अजून झालेली नसते. म्हणून ते शिट्ट्यांनी सांगते. कितीतरी यंत्रांत एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे चित्राचा बिघाड, आणि थांबून थांबून येणारी लांब शिट्टी म्हणजे रॅमची तक्रार. ही लिपी प्रत्येक कारखान्याची थोडी निराळी. मदरबोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेत ती छापलेली असते आणि ती पुस्तिका आपण पहिल्याच दिवशी रद्दीत घातलेली असते. नव्या मदरबोर्डांत शिट्टीऐवजी चार बारीक दिवे असतात : सीपीयू, डीआरॅम, व्हीजीए आणि बूट. जो पेटता राहील तिथे घोडे अडले.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी महालात राहतात. नोकरीत असताना सुट्ट्यांमध्ये भंडारा-गोंदियाकडच्या खेड्यांत हिंडून म्हाताऱ्या बायांच्या तोंडून त्यांनी ओव्या उतरवून घेतल्या. वीस वर्षांचे ते काम कॉम्प्युटरवर टाइप केलेले. शिवाय त्या बायांचे आवाजही त्यातच. त्यांपैकी बहुतेकजणी आज हयात नाहीत. मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता गुरुजींचा पडदा काळा झाला. त्यांनी पेटी एका दुकानात नेली. तिथल्या पोराने ती चालू केली, पाच मिनिटे पाहिली आणि म्हणाला, “गेला ना गुरुजी हा! मदरबोर्डच गेला. आता याच्यात काही नाही राहिलं. जुना देऊन टाका, नव्यात दोन हजार कमी करून देतो.” सौदा वाईट नव्हता. गुरुजी जवळजवळ तयार झाले होते, पण पैसे बँकेतून आणायचे म्हणून पेटी घेऊन घरी परतले.

घरी त्यांची पुतणी आलेली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. ती म्हणाली, “काका, थांबा. तो ओरडतोय, ते आधी ऐका तरी.” खरोखरच पेटीतून थांबून थांबून एक लांब शिट्टी येत होती. दुकानाच्या गोंगाटात ती कोणी ऐकली नव्हती. मुलीने भिंतीतली पिन काढली, पेटीचे बटण काही सेकंद दाबून धरून आत उरलेली वीज काढून टाकली, पेटीच्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि झाकण उघडले. रॅमच्या दोन पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांच्या सोनेरी कडांवर काळपट थर चढला होता. पट्ट्या पेटीपासून दूर कागदावर धरून तिने मऊ खोडरबराने कडा हलकेच पुसल्या, भुसा फडक्याने टिपला, आणि एकच पट्टी खाचेत बसवून दोन्ही बाजूंचा ‘टक्’ आवाज ऐकला. पिन लावली, बटण दाबले. एक आखूड शिट्टी झाली आणि पडदा उजळला! मग दुसरी पट्टी बसवली, तीही चालली. खर्च : एक खोडरबर, तोही कंपासपेटीतला.

दुकानातला पोरगा लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याच्यापुढे दहा गिऱ्हाईके उभी होती आणि गुरुजींनी त्याला सांगितले काय होते, तर “हा गेला”! प्रश्नातच उत्तर दिलेले असले म्हणजे परीक्षक तेच उत्तर धरतो. परंतु जुन्याच्या बदल्यात नवे घेताना त्या पेटीबरोबर आतली डिस्क गेली असती आणि डिस्कबरोबर त्या बायांचे आवाज. ते जाणे मात्र माणसाच्या जाण्यासारखे, परत न येणारे झाले असते.

आमच्या नागपुरात असे का होते, याचेही कारण आहे. उन्हाळ्यात दिवसा धातू तापून फुगतो आणि रात्री आक्रसतो. खाचेत बसवलेली वस्तू त्या ओढाताणीत किंचित हलते. त्यावर आपण खोलीत कूलर लावतो. खसाच्या ताट्यांतून येणारी ती ओलसर झुळूक आपल्याला सुखाची वाटते, पण तीच समोरच्या पेटीवर गेली की धातूच्या कडांवर गंज धरू लागतो, आणि आतल्या धुळीचा चिखल होतो. म्हणून कूलरच्या समोर माणसाने बसावे; कॉम्प्युटरला बाजूला बसवावे.

रॅमनेही भागले नाही तर आणखी दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. मदरबोर्डावर गोल बटणासारखा एक सेल असतो. सीआर २०३२ हे त्याचे नाव. २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड म्हणून २०३२. यंत्राचे घड्याळ आणि आतली काही जुळवाजुळव तो सांभाळतो. पिन काढून तो पाच मिनिटे बाहेर ठेवला की बहुतेक यंत्रांत ती जुळवाजुळव मूळपदावर येते आणि अडलेले यंत्र कधी कधी तेवढ्याने वाटेवर लागते. दुसरी गोष्ट म्हणजे वीज पुरवणारा एसएमपीएस. पंखा फिरतो म्हणून वीज ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये. हा डबा चालू झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत मदरबोर्डाला “वीज ठीक आहे” असा एक इशारा देतो. तो मिळेपर्यंत सीपीयूला हलू दिले जात नाही. डबा थकला की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण इशारा जात नाही. स्वयंपाकघरात भांडी वाजत आहेत आणि पान मात्र वाढले जात नाही, तसा हा प्रकार. सीपीयूला वीज देणारी चार किंवा आठ पिनांची निराळी वायर निसटली तरी असेच होते. मात्र एसएमपीएसचा डबा कोणी उघडू नये. पिन काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहू शकते. तो बदलायचा असतो, उघडायचा नसतो.

या सगळ्या खटाटोपाचे नियम दोनच. बाहेरून आत जावे, म्हणजे फुकटाच्या उपायांकडून पैशांच्या उपायांकडे. आणि एका वेळी एकच बदल करावा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर यंत्र सुरू होईलही, पण कशाने झाले ते कळणार नाही आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा पहिले पाढे.

एवढे करूनही यंत्र दुकानात न्यावे लागले तर लाज वाटण्याचे कारण नाही. मदरबोर्ड खरोखरही जळतात. मात्र जाताना ‘गेला’ म्हणू नये. “मॉनिटर दुसऱ्या यंत्रावर चालतो, वायर बदलून पाहिली, पंखा फिरतो, शिट्टी येत नाही” असे म्हणावे. असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदारही वेगळ्या आवाजात बोलतो. आणि पेटी बदल्यात देण्याआधी आतली डिस्क काढून मागावी. ती धडधाकट असली तर यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या यंत्राला जोडता येते आणि मजकूर वाचता येतो. नव्या यंत्रांत हा मजकूर पुष्कळदा बिटलॉकरने कुलूपबंद असतो. त्याची ४८ आकड्यांची किल्ली यंत्र चालू आहे तोवरच कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच ठेवण्यात शहाणपण नाही.

गुरुजींनी आता ओव्यांच्या दोन प्रती केल्या आहेत. एक घरी असते, एक पुतणीकडे. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांबरोबर पाटावर एक बाहेरची डिस्क ठेवायची आणि त्या दिवशी वर्षाचा सगळा मजकूर तिच्यावर उतरवायचा, असा परिपाठ त्यांनी घातला आहे. वाचकांनीही तो घालावा. त्यासाठी मुहूर्त पाहण्याची गरज नाही. फक्त पडदा उजळलेला असेपर्यंत हे उरकावे.