नातीच्या मनातलं कोणाच्या खात्यावर जमा?



‘मनाला आधार देणारी पाच ॲप’ ही आपल्या रविवारच्या पुरवणीतली यादी वाचता वाचता चहा गार झाला. कोणत्या ॲपला किती स्टार, किती लाख लोकांनी डाउनलोड केलं, रंग डोळ्यांना कसे सुखावतात, सगळं आहे. तिथे माणूस जे लिहितो ते पुढे कोणाकडे जातं, याबद्दल एक ओळ नाही.

त्याच आठवड्यात माझ्या नातीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान आलं: अमुक ॲप शुक्रवारपर्यंत घ्या आणि स्क्रीनशॉट वर्गशिक्षिकेला पाठवा. नात नववीत, मराठी माध्यमात. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं फोन घेऊन बसलो. ॲपने आधी कॉन्टॅक्ट मागितले, मग लोकेशन. श्वास मोजायला लोकेशन कशाला हवं? गोपनीयतेचं धोरण इंग्रजीत, वर सरकवता सरकवता अंगठा दुखला तरी संपेना. ‘मान्य आहे’चं बटण हिरवंगार, पेरूएवढं; ‘आत्ता नको’ मात्र खाली कोपऱ्यात, करड्या अक्षरांत, चष्मा पुसून शोधावं लागलं. मी मुद्दाम मराठीत लिहिलं, ‘झोप लागत नाही, कशातच मन नाही.’ उत्तर आलं, ‘छान! आज पुरेसं पाणी प्यायलात का?’ नात खो खो हसली. मला हसू आलं नाही.

शाळेत विचारलं तर म्हणाले, “आजोबा, फुकट तर आहे!” फुकटाचं जाऊ द्या, पैसे मोजणाऱ्यांचं काय झालं ते सांगतो. अमेरिकेत बेटरहेल्प नावाची ऑनलाइन समुपदेशनाची मोठी कंपनी आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा आरोप असा, की माहिती गुप्त ठेवू असं वचन देऊन या कंपनीने लोकांचे ई-मेल पत्ते आणि प्रश्नावलीत भरलेली आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट, पिंटरेस्टसारख्या कंपन्यांना दिली. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण 2023 मध्ये 78 लाख डॉलर भरायला मात्र तयार झाली. ते पैसे पुढे जवळजवळ आठ लाख ग्राहकांत वाटले गेले. करा भागाकार. माणशी दहा डॉलरसुद्धा नाहीत! मनातलं सगळं ओतलं, त्याचे पैसेही दिले, आणि भरपाई दहा डॉलरच्या आत.

मी छत्तीस वर्षं बँकेत काउंटरवर बसलो. शेजारच्या घराचा हप्ता थकलाय हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. पासबुकातल्या आकड्यांना एवढी राखण, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या रडण्याला काहीच नाही?

कायदा आहे म्हणतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. पण शाळेने सांगितलेल्या ॲपच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘हा उपचार नव्हे.’ म्हणजे नात रुग्ण नाही, ॲप डॉक्टर नाही, मग हक्क मागायचा कोणाकडे? 2023 च्या डिजिटल माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी असं लिहिलंय. स्क्रीनशॉट म्हणजे संमती, हे कोणी ठरवलं?

ॲप वाईटच असतात असं मी म्हणत नाही. पुण्याची सून झोपेसाठी एक वापरते, तिला गुण आहे. पण पुढची यादी छापाल तेव्हा स्टार बाजूला ठेवा. बनवणाऱ्यांत नोंदणीकृत मानसोपचारतज्ज्ञ कोण आहे, खातं पुसलं तर माहितीही पुसली जाते का, मराठी कळतं का, आणि मुलाने ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं तर जिवंत माणसाचा नंबर समोर येतो की पुन्हा पाणीच पाजतात, हे तपासा. ॲप टिकतं की नाही हेही बघा. मनाच्या आरोग्याचं वोबॉटसारखं नावाजलेलं ॲपही 30 जून 2025 रोजी बंद पडलं. रोज त्याच्याशी बोलणाऱ्यांनी 1 जुलैला कोणाशी बोलायचं?

आणि यादीत 14416 कसा नाही? सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास आणि मराठीत. तिचं ॲपही आहे. पाच नावांत याला जागा मिळू नये, याचं कारण संपादकांनीच सांगावं.

आता आलोच आहे तर शाळेचं उरलेलंही सांगतो. गेल्या वर्षीपर्यंत दर गुरुवारी समुपदेशक बाई यायच्या. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, दोन खुर्च्या आणि एक पंखा. पोरं तासाला दांडी मारायला तिथे जातात अशी शिक्षकांची तक्रार होती. असेल. पण जात होती. यंदा बाई बंद, ॲप सुरू. त्या खोलीत आता स्नेहसंमेलनाचे पडदे ठेवलेत.

स्क्रीनशॉट आम्ही पाठवलेला नाही. वर्गात नाव पुकारलं गेलं, तेव्हा नातीने “आजोबा नको म्हणाले” असं सांगितलं. त्यामुळे माझं नाव आपल्याकडे असलं तरी छापू नये, ही विनंती.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली