आहारविवेक : अजाण फळ

मे महिना लागला की गोंदिया जिल्ह्यातील जंगलांत पहाटेपासून हालचाल सुरू होते. सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील कुटुंबे तेंदूची पाने खुडतात, ७० पानांचा एक असे पुडे बांधतात आणि संकलन केंद्रावर मोजून देतात. विडीच्या या पानाचा व्यवहार येथील व्यापारी घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोणते पान मऊ, कोणते डागी, अवकाळी पावसाने माल किती उतरतो, हे जुना जाणकार पान बोटांत धरताच सांगतो. परंतु त्याच झाडाला फळ लागते, ते याच दिवसांत पिकते आणि रस्त्याच्या कडेला टोपलीत विकावयास येते, याची वार्ता त्याच घरातील मुलांना क्वचितच असते.

तेंदू म्हणजेच टेंभुर्णी. तिची पिकलेली फळे, म्हणजे टेंभरे, लहान चिकूएवढी, पिवळसर आणि आत मऊ गोड गराची असतात. कच्चे फळ चुकून दाताखाली आले तर जीभ आणि टाळू आवळून येतात, कारण त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. हिमाचल प्रदेशातून येणारे आणि शहरातील दुकानांत दिमाखाने मांडलेले ‘जापानी फल’, म्हणजे पर्सिमॉन, हे याच कुळातील, याच प्रजातिगटातील भावंड. त्याचा तुरटपणाही त्याच द्रव्यामुळे. दूरच्या भावंडाला कागदात गुंडाळून घरी आणले जाते आणि जवळचे टोपलीतच राहते.

अलीकडे घराघरांतून एक नवा प्रश्न ऐकू येतो. फळांच्या दुकानात ड्रॅगन फ्रूट आणि किवी आता नवे राहिलेले नाहीत. थायलंड, सिंगापूर, मलेशिया येथे सहलीला गेलेली मुले ड्युरियनच्या गोष्टी सांगतात. नातवंडे म्हणतात, चाखून तर पाहू. आजी म्हणते, “अजाण फळ आहे, नको.” मुलांना हा उगाच घातलेला धाक वाटतो आणि आजीला मुलांचा हट्ट म्हणजे जिभेची चंगळ वाटते. या दोघांच्या मध्ये उभा असलेला ‘अजाण’ हा शब्द मात्र कोणी नीट उलगडून पाहत नाही.

बावीस अभक्ष्यांत अजाण फळाची गणना आहे. ज्याचे नाव-गुण माहीत नाहीत ते फळ खाऊ नये, एवढा साधा हा नियम. त्यासंबंधीची वंकचूलाची कथा अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. राजपुत्र असूनही दुर्वर्तनामुळे घालवून दिलेला वंकचूल चोरांचा नायक झाला. त्याच्या वस्तीत एका आचार्यांनी चातुर्मास काढला, तोही उपदेश न करण्याच्या अटीवर. निरोपाच्या वेळी मात्र त्यांनी त्याला चार लहान नियम दिले. त्यांतील पहिला, अनोळखी फळ न खाण्याचा. पुढे एकदा चोरीहून परतताना रानात सारे भुकेने व्याकूळ झाले. समोर सुंदर, सुगंधी फळांनी लगडलेले झाड होते. वंकचूलाने विचारले, याचे नाव काय? कोणालाच सांगता येईना. त्याने हात आवरला. ज्यांनी फळे खाल्ली ते उठले नाहीत. ते किंपाक फळ होते. उत्तराध्ययन सूत्रात विषयसुखाला ज्या फळाची उपमा दिली आहे, तेच हे. दिसावयास मनोहर, परिणामी प्राणघातक.

ही कथा सांगताना बहुधा शेवटावर भर दिला जातो. परंतु तिचा गाभा वंकचूलाच्या प्रश्नात आहे. त्याने भुकेल्या पोटी, हाताशी फळ असताना, आधी नाव विचारले. नियमाने त्याला फळाचा तिरस्कार शिकविला नाही. विचारण्याची सवय लावली. तेव्हा ‘अजाण’पण हा फळाच्या अंगचा दोष नव्हे. ते पाहणाऱ्याच्या माहितीची मर्यादा दाखविते. ती मर्यादा ओलांडता येते, मात्र विचारून. तोंडात घालून नव्हे.

पूर्वजांनी जी फळे नाकारली तीही जाणून नाकारली. वड, पिंपळ, उंबर इत्यादी पाच उदुंबर फळे वर्ज्य ठरली, कारण त्यांच्या पोटात सूक्ष्म जीव वावरतात. पिकलेले उंबर फोडले तर ते डोळ्यांना दिसतात. कोणीतरी फळ उघडून पाहिले, मग त्याग सांगितला. दशवैकालिक सूत्रानेही आधी ज्ञान आणि मग दया असाच क्रम लावला आहे.

माहितीचे मोल किती असते, हे विदर्भाच्या रानातील बिब्बा शिकवितो. या फळाचे दोन भाग. वरचा केशरी, मांसल भाग काजूच्या बोंडासारखा. तो पिकल्यावर भाजून वा वाळवून खातात. त्याला चिकटलेले खालचे काळे फळ मात्र हाताळतानाही जपावे लागते. त्याच्या कवचातील तेल त्वचेला लागले तर फोड उठतात, आणि कपड्यांवर खुणा करण्यासाठी धोबी ते वापरीत. त्याच दाहक कवचाच्या आत गोडंबी असते, जी लाडवांत आवडीने घातली जाते. एकाच फळात अन्न आणि आग शेजारी नांदतात. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांच्यासाठी बिब्बा मेवा. ज्यांना नाही त्यांच्यासाठी इजा. विशेष असे की आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा ही चारही एकाच वनस्पतिकुलातील. आंब्याच्या चिकाने ओठ पोळतात, त्याचे मूळ याच नात्यात आहे.

उग्र वासाचा प्रश्न निराळा. पिकलेल्या कवठाचा आंबूस दरवळ घरभर होतो. काहींना तो असह्य वाटतो, काहींना गुळाबरोबर चटणीत हवाहवासा. ड्युरियनचा वास तर असा की सिंगापूरच्या मेट्रो गाड्यांत ते फळ नेण्यास मनाई आहे. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस याने पहिल्यांदा वासामुळेच ते चाखण्याचे नाकारले. पुढे बोर्नियोत झाडाखाली पडलेले पिकले फळ त्याने उघड्यावर बसून खाल्ले आणि तो त्याचा भोक्ताच झाला. १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने त्या चवीचे वर्णन करताना बदामाबरोबर कांद्याचीही आठवण काढली आहे. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घराला हे वाचून हसू येईल. परंतु ड्युरियन हे उंच झाडावर लागणारे फळ आहे, कंद नव्हे. त्याचा वास गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो. वास उग्र म्हणून फळ अभक्ष्य ठरत नाही. ज्याचा मूळचा रंग, गंध, रस पालटला ते चलितरस. जे मुळातच उग्र, ते त्या दोषातून मुक्त. याउलट तडा गेलेले, आत बुरशी धरलेले कवठ ओळखीचे असले तरी टाकूनच द्यावे.

म्हणून नवे फळ समोर आले तर चार प्रश्न विचारावेत. याचे नाव आणि कूळ काय? कोणता भाग खातात आणि कोणता टाकतात? ते पक्व आणि ताजे आहे ना? आणि खाणाऱ्याच्या प्रकृतीला ते मानवेल का? शेवटचा प्रश्न गौण नव्हे. चांदणीच्या आकाराच्या कापांमुळे मुलांना आवडणारे कमरख निरोगी माणसाला चालते, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते गंभीर अपाय करू शकते. कोकणातील काजऱ्याचे नारिंगी फळ दिसावयास देखणे, परंतु त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे तीव्र विष असते.

यानंतर आपापल्या नियमांचा विचार यावा. ड्रॅगन फ्रूटला २०२१ मध्ये गुजरात सरकारने ‘कमलम्’ हे नाव दिले. नाव कळले, तरी गरभर विखुरलेल्या बिया पाहून बहुबीज मानणारी घरे ते घेणार नाहीत. रानातले चार हे जांभळट, आंबटगोड फळ. त्यात गर थोडा आणि बी मोठी, म्हणून कोणी त्यास तुच्छफळांत धरील. त्याच बीतील चारोळी मात्र त्या घरच्या बासुंदीत असते. घेणे वा न घेणे हे ज्याचे त्याने गुरूंना विचारून ठरवावे. जाणून केलेला त्याग हाच त्याग; न जाणता केलेली टाळाटाळ म्हणजे केवळ अपरिचय.

हा अपरिचय दूर करणारी माणसे जवळच आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्या आदिवासी व अन्य परंपरागत रहिवाशांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला; त्या वनोपजाचे ज्ञान तर त्यांच्याकडे पूर्वीपासूनच आहे. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईला कोणते टेंभर आज खावे, कोणते दोन दिवस गवतात ठेवावे, बिब्बा कसा धरावा, हे सांगण्यासाठी पुस्तक लागत नाही. मात्र तिची मुले शहराकडे निघाली आहेत आणि टोपल्या दरवर्षी कमी दिसू लागल्या, तर विचारावयास कोणी उरणार नाही.

या उन्हाळ्यात नातवंडांचा हात धरून आजीने त्या टोपलीपाशी थांबावे आणि विचारावे, “बाई, याचे नाव काय?” फळ घरी न्यावे की नाही, ते त्यानंतर ठरवता येईल.