हाताला त्याचं काम परत द्या

मनगटाचं प्लास्टर निघालं की घरात सून म्हणते, "आई, तुम्ही बसा, मी करते." म्हणते ती मायेनंच. पण बसून राहिलेला हात आखडतो.

व्यायामासाठी मिळालेला स्पंजचा चेंडू पाच मिनिटं दाबला की कंटाळा येतो. त्याच आईंपुढे अर्धा किलो मटार ठेवा. गप्पांच्या नादात शेंगा संपतात, आणि अंगठ्या-तर्जनीची चिमूट किती वेळा झाली ते कुणी मोजतही नाही. कणीक आधी सैल भिजवा, हातात जोर येईल तशी घट्ट करत न्या. वाती वळणं, तांदूळ निवडणं, बटणं लावणं, साडीच्या निऱ्या काढणं, सगळं चालतं. मोदकाच्या कळ्या पाडायला तर सगळी बोटं कामाला लागतात. मात्र बोटं बधिर असतील तर गरम उकडीपासून लांब राहा, चटका बसलेला कळत नाही. आणि जन्मात कणीक न मळलेल्या काकांचं काय? चाळीच्या गॅलरीत कॅरम मांडा. (आता मळायला शिकले तरी हरकत नाही म्हणा.)

हा आजीबाईच्या बटव्यातला उपाय नव्हे. याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. तिचं शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली निघाली. ती काढली कमला निंबकर यांनी, जन्मानं अमेरिकन आणि लग्नानं इथल्या. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेतही हे उपचार मिळतात. तरी अजून पुष्कळजण याला फिजिओथेरपीच समजतात.

मात्र घरच्या घरी मनानं काही सुरू करू नका. विशेषतः बोटाचा टेंडन तुटून शिवला असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत नुसता चेंडू दाबला तरी शिवण उसवू शकते. केव्हा, कोणतं आणि किती, हे थेरपिस्टनंच ठरवावं. काम करताना थोडं ओढल्यासारखं वाटेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली, तर कालचं काम जास्त झालं असं समजा आणि त्यांना सांगा.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगा, जी आपण सहसा सांगत नाही: दुखण्याआधी हा हात दिवसभर काय करत होता. दादरला हार ओवत होता, लोकलची कडी धरत होता, की तबला वाजवत होता? पुढच्या तारखेला जाताना एक्स-रेच्या पाकिटात तेवढी यादी लिहून ठेवा.