नवे यंत्र, जुने ओझे

नवा मोबाइल हाती आला की काम आपोआप हलके होते, असा शासनाचा समज दिसतो. अंगणवाडी सेविकांचा अनुभव निराळा आहे. 2019 मध्ये त्यांना स्मार्टफोन मिळाले आणि नोंदवहीची जागा पडद्याने घेतली. 2021 मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. दोन जीबी रॅमच्या फोनला ते पेलवेना, शिवाय त्याची भाषा इंग्रजी. दुरुस्तीचा भुर्दंडही आपल्याच माथी येतो, ही सेविकांची तक्रार होती. अखेर त्या ऑगस्टमध्ये त्यांनी राज्यभर फोन शासनाला परत केले. हा विरोध यंत्राला नव्हता, कुचकामी यंत्राच्या सक्तीला होता.

जुलै 2025 पासून घरी न्यावयाच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटविणे अनिवार्य झाले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड-सोयगावच्या डोंगराळ गावी रेंज गेली, तर खोळंबेल ते माता-बालकांचे अन्न. म्हणूनच सक्षम फोन आणि दुरुस्तीचा खर्च शासनाने द्यावा. यंत्र अडल्यास वहीत नोंद करून आहार देण्याची मुभाही द्यावी. पोषण बालकांचे व्हावयाचे आहे, आकडेवारीचे नव्हे.