पापणीवरचा मस आणि चुन्याचे बोट

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वडगावातली आमची एक वहिनी आली, ती डोळ्यावर पदर ओढूनच. पापणीजवळचा मस जावा म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने चुना आणि पापडखार कालवून लावला होता. मस गेला, पण कातडी भाजली. आता तिथे पांढरा डाग आहे. डोळा थोडक्यात वाचला!

"डॉक्टरकडे का नाही गेलीस?" तर म्हणते, "या वयात काय नटायचंय, असं घरचे म्हणाले असते."

मैत्रिणींनो, खरे दुखणे हेच आहे. चाळिशीनंतर डोळ्यांभोवती लोंबती चामखीळ, बारीक दाणे, काळे ठिपके अनेकींना येतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. पण पापणीवर नाकाच्या बाजूला पिवळसर चपटे चट्टे आले, तर ती साठलेली चरबी असते. असे चट्टे असणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या जणांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वगैरे वाढलेले आढळते. म्हणजे हा नटण्याचा नाही, हृदयाचाही प्रश्न झाला. आधी रक्त तपासून घ्या.

काढायचेच असेल तर लेसरचा चांगला उपाय आहे. यासाठी वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ साली अमेरिकेत शोधला कुमार पटेल यांनी. जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात! या किरणाने पेशींतले पाणी तापून वाफ होते आणि वाढलेला भाग थराथराने निघतो. जागा बधिर करतात, डोळ्यावर संरक्षक झाकण बसवतात. नंतर खपली धरते, ती नखाने काढायची नाही. उन्हापासून जपायचे, कारण आपल्या सावळ्या कातडीवर डाग राहू शकतो. पिवळे चट्टे पुन्हा येऊ शकतात, बारीक दाण्यांना दोन-तीन खेपा लागू शकतात. किती खेपा, किती खर्च, हे आधीच विचारा. लाजू नका.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. डोळ्याजवळचा लेसर पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञच हवेत. आणि मस भराभर वाढत असेल, रक्त येत असेल, रंग बदलत असेल किंवा तिथल्या पापणीचे केस गळत असतील, तर थेट लेसर नको. लेसरने भाग जळून जातो, मग तपासायला तुकडा उरत नाही. आधी तपासणी, मग उपचार.

खासगी परवडत नसेल तर लोणावळा लोकलने पुणे स्टेशन गाठा, ससून जवळच आहे. तिथल्या त्वचारोग विभागात निदान दाखवून तरी या. एकटीला जायला अवघड वाटत असेल, तर बचत गटातली एखादी सोबतीला घ्या.

आपला चेहरा नीट असावा असे वाटणे हे खूळ नाही. चोरून चुना लावण्यापेक्षा उजळ माथ्याने दवाखान्यात जाणे केव्हाही चांगले.